घरची खमिरी रोटी : मूठ, माप आणि वजन

आमच्या व्यापारी बांधवांपैकी बरेच जण असे समजतात की रोटी भाजणे हे घरातील स्त्रियांचे काम आणि हिशेब ठेवणे हे पुरुषांचे. सन २०२० पर्यंत आम्हीही असेच समजत होतो. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, मालेगावचे यंत्रमाग थांबले, ग्रे कापडाचे ताके गोदामात पडून राहिले आणि आमच्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला घरी बसण्याखेरीज काम उरले नाही. आमच्या घरात दादीच्या काळापासून खमिरी पावरोटी होत आली आहे. ती आधी शेजाऱ्यांकडे ताटात झाकून जात असे. पुढे शेजारी पैसे देऊन नेऊ लागले, आणि माग पुन्हा सुरू होईपर्यंत रोज दहा-बारा नग घरातून विकले जाऊ लागले.

या छोट्याशा धंद्यात आम्ही एक चूक केली. ती चवीची नव्हती, वजनाची होती, आणि पस्तीस वर्षे गज आणि काटा हाताळणाऱ्या माणसाकडून ती व्हावी याची आम्हाला आजही शरम वाटते. आज अनेक कारागीर घरांतून पाव, नान, बिस्किटे करून विकली जातात. अशा घरांना उपयोग व्हावा म्हणून कृती आणि चूक दोन्ही येथे सविस्तर देत आहोत. चूक का झाली हे समजण्यासाठी रोटी कशी होते हे आधी समजले पाहिजे, म्हणून सुरुवात कृतीपासून.

दादीच्या कृतीत माप म्हणून काही नव्हतेच. दोन ओंजळी मैदा, एक ओंजळ आटा, "पीठ मागेल तेवढे" पाणी, मीठ चिमटीने आणि खमीर अंदाजाने. हीच कृती वालिदांनी शिकली आणि त्यांच्याकडून आमच्या पत्नीने. हात एकच असेपर्यंत हे ठीक चालते. पण आमच्या सूनबाईंनी पीठ मळायला घेतले तेव्हा एक दिवस रोटी कापसासारखी आणि दुसऱ्या दिवशी विटेसारखी होऊ लागली. तेव्हा आम्ही दुकानातला काटा स्वयंपाकघरात आणला. पत्नी नेहमीप्रमाणे अंदाजाने सामान घालीत आणि प्रत्येक वस्तू परातीत पडण्यापूर्वी आम्ही ती तोलून वहीत लिहीत असू. एकाच पेल्याने घेतलेले पीठ कधी १२० ग्रॅम भरे, कधी १५०. पेला दाबून भरला की सैल भरला, पीठ चाळलेले की न चाळलेले, यावर हे अवलंबून. पेला एकच असला तरी माप एक राहत नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

चार-पाच दिवस असे लिहिल्यावर जे प्रमाण कायम झाले ते असे : पीठ १ किलो (त्यात मैदा ७०० ग्रॅम व चाळलेला आटा ३०० ग्रॅम), पाणी ६४० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, तूप किंवा तेल ४० ग्रॅम आणि सुके दाणेदार यीस्ट १० ग्रॅम. एकूण १,७५० ग्रॅम. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे. पाणीही आम्ही काट्यावरच घेतो. भट्टीवाले सर्व प्रमाण पिठाच्या शेकड्यात सांगतात, म्हणजे पीठ १०० तर पाणी ६४, मीठ २, यीस्ट १. सुताच्या आणि रंगाच्या व्यवहारात शेकडा लावण्याची सवय असलेल्या माणसाला ही पद्धत एका दिवसात अंगवळणी पडते. अर्धा किलो करा की पाच किलो, रोटी तीच राहते.

आता खमिराविषयी. दादी दही, थोडे पीठ आणि साखर कालवून मातीच्या भांड्यात रात्रभर ठेवीत आणि रोजच्या पिठातला एक गोळा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवीत. या खमिराला जी चव असते ती विकतच्या यीस्टला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याचा भरवसा नसतो. मे महिन्यात चार तासांत आंबट होते आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळपर्यंत जागचे हलत नाही. घरच्या जेवणासाठी ते उत्तम आहे, परंतु रोज सातच्या ठोक्याला गिऱ्हाइकाला माल द्यायचा असेल तर सुके यीस्टच बरे. काही वाचकांच्या मनात खमिरात तयार होणाऱ्या अल्कोहोलची शंका असते. पीठ फुगताना ते अत्यल्प प्रमाणात तयार होते, भाजताना बहुतेक उडून जाते आणि खमिरी रोटी मुस्लिम घरांत पिढ्यानपिढ्या खाल्ली जात आहे. शंका घ्यायचीच असेल तर बाजारात मिळणाऱ्या 'ब्रेड इम्प्रूव्हर'विषयी घ्यावी. त्यातील ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीपासूनही काढतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. पुड्यावर हिरवा ठिपका नसेल तर ती पुडी घरात आणू नये. आमच्या कृतीत तिची गरजही नाही.

मळण्यात घाई करू नये. पीठ, साखर, यीस्ट व पाणी एकत्र करून दहा मिनिटे झाकून ठेवावे, मग मीठ व तूप घालून हाताच्या तळव्याने पंधरा मिनिटे चांगले तिंबावे. पाणी उन्हाळ्यात माठातले आणि थंडीत कोमट घ्यावे. हाताला चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात यीस्ट मरते, मग कितीही वाट पाहा, गोळा फुगत नाही. मळणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याची एक खूण आहे. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. तो फाटला तर अजून मळायचे आहे. त्याचा मलमलीसारखा पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला तर पीठ तयार झाले. गव्हातील प्रथिने पाण्याने आणि मळण्याने जोडली जाऊन ताण्या-बाण्यासारखी जाळी तयार होते. खमिरातून निघणारा वायू याच जाळीत अडकतो आणि रोटी फुगते. जाळी विरळ राहिली तर वायू निसटतो आणि रोटी बसते.

गोळ्याला तेलाचा हात लावून ओल्या सुती फडक्याने झाकून ठेवावे. दुप्पट होण्यास साध्या हवेत तासाभराहून थोडे जास्त लागते, एप्रिल-मे महिन्यात पाऊण तास पुरतो. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. पिठात बोट खुपसले आणि खळगा सावकाश, अर्धाच भरून आला तर वेळ बरोबर. लगेच भरून आला तर थांबावे, आणि अजिबात भरून आला नाही तर उशीर झाला. मग गोळा दाबून हवा काढावी, नग तोडावेत, गुंडाळी करून तूप लावलेल्या डब्यात ठेवावेत आणि डब्याच्या काठापर्यंत येईस्तोवर पुन्हा फुगू द्यावे.

भाजण्यासाठी विजेची घरगुती भट्टी असेल तर ती आधी २०० अंशांवर तापवून घ्यावी व नग तीस ते पस्तीस मिनिटे भाजावा. भट्टी नसेल, किंवा पीठ फुगून तयार असताना वीज गेली (आमच्याकडे हे घडते), तर दादीची पद्धत आहेच. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू पसरून वर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून पंधरा मिनिटे तापवावे, मग डबा आत ठेवून मध्यम आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे राहू द्यावे. दादी झाकणावर निखारे पसरीत, त्यामुळे वरूनही रंग येई. गॅसवर वरची बाजू फिकी राहते, म्हणून शेवटी नग काढून पाच मिनिटे तव्यावर उलटा ठेवावा. दोन्ही पद्धतींत परीक्षा एकच. नग डब्यातून काढून बुडाला बोटाच्या पेराने ठोकावा. ढोलकीसारखा पोकळ आवाज आला तर आतून भाजला गेला. आवाज बद्द आला तर आत ओल आहे.

यानंतर दोन तास जाळीवर थंड होऊ द्यावा. गरम नग पिशवीत घातला की वाफेचे पाणी होते आणि दुसऱ्याच दिवशी बुरशी येते. फ्रिजमध्येही ठेवू नये, थंडाव्यात रोटी बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होते. कारखान्याच्या पावात बुरशी रोखण्यासाठी बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. घरच्या रोटीत ते नसते, म्हणून ती दोन दिवसांत संपवावी हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे. पोटॅशियम ब्रोमेट नावाचे द्रव्य तर पूर्वी पावाच्या पिठात सर्रास वापरले जाई. २०१६ साली दिल्लीच्या एका संस्थेने पावांच्या नमुन्यांत ते सापडल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. घरच्या रोटीकडे लोक वळण्याचे हेही एक कारण आहे.

येथवर सर्व ठीक होते. रोटी चांगली होत होती, गिऱ्हाईक वाढत होते. आम्ही छापखान्यातून छोट्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि त्यांवर 'वजन ४०० ग्रॅम' असे छापले, कारण बाजारातील मोठी पावरोटी ४०० ग्रॅमची असते. आम्ही प्रत्येक नग तोडताना काट्यावर टाकून बरोबर ४०० ग्रॅम करीत होतो. एका किलो पिठाच्या १,७५० ग्रॅममधून चार नग आणि वर मुलांसाठी एक लहानसा पाव निघे. घरातील सर्वांना वाटे, यापेक्षा अधिक सचोटी ती कोणती?

साडेचार महिन्यांनी मोहल्ल्यातील एक किराणा दुकानदार संध्याकाळी घरी आले. ते आमच्याहून वडील आहेत, रोज एक नग नेत. त्यांनी चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले आणि निघताना उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाले, "सेठ, राग मानू नका. तुमची रोटी आमच्या काट्यावर साडेतीनशेच भरते. तीन दिवस पाहिले." आम्ही म्हणालो, "हे कसे शक्य आहे? आम्ही स्वतः तोलतो." ते म्हणाले, "तोलत असाल. पण कधी तोलता?"

आम्ही आत गेलो आणि थंड झालेला नग काट्यावर ठेवला. ३५२ ग्रॅम. दुसरा ठेवला, ३५१.

कारण इतके साधे आहे की सांगताना संकोच वाटतो. पिठात घातलेल्या पाण्याचा काही भाग भाजताना वाफ होऊन जातो आणि थंड होतानाही थोडा जातो. आमच्या रोटीत ही घट शेकडा १२ आहे. नग लहान असेल, पसरट असेल किंवा जास्त भाजला असेल तर ती याहून अधिक असते. आम्ही तोलत होतो ते पीठ आणि विकत होतो ती रोटी. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवायला देताना बोटभर जास्त घ्या असे आम्ही उभ्या आयुष्यात हजारो गिऱ्हाइकांना सांगितले असेल. तेच ज्ञान दुकानातून स्वयंपाकघरात यायला साडेचार महिने आणि एका शेजाऱ्याची सौजन्यपूर्ण तक्रार लागली.

मग आम्ही हिशेबाची वही उघडली. दहा किलो पीठ आमच्याकडे साधारण चार दिवस पुरे. त्यातून १७,५०० ग्रॅम पीठ तयार होते. ४०० ग्रॅमने तोडल्यास ४३ नग होतात. भाजून ४०० ग्रॅम भरावी यासाठी मात्र ४६० ग्रॅमचा नग तोडावा लागतो, आणि तसे केल्यास ३८ नग होतात. फरक पाच नगांचा. नगाची किंमत तेव्हा ४० रुपये होती, म्हणजे दर दहा किलो पिठामागे २०० रुपये. सूनबाईंच्या वहीत शिल्लक म्हणून जी रक्कम दिसत होती तिचा मोठा भाग हाच होता. ज्याला आम्ही नफा समजून बरकत म्हणत होतो ती गिऱ्हाइकाची रोटी होती.

एकूण १,२१० नग विकले गेले होते. प्रत्येकी ४८ ग्रॅम कमी, म्हणजे सुमारे ५८ किलो रोटी आम्ही न देता पैसे घेतले होते. पवित्र कुरआनमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी एक संपूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आम्ही ती लहानपणी मकतबमध्ये पाठ केली आणि दुकानात बसताना नेहमी मनात ठेवली. आमच्याकडून हे जाणूनबुजून झाले नाही हे खरे. परंतु गिऱ्हाइकाच्या ताटात रोटी कमी पडली हेही तितकेच खरे, आणि आमच्या अजाणतेपणाने ती भरून निघत नाही. एका आलिम साहेबांचा सल्ला घेतला. ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांना त्यांचे परत करा आणि ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या वतीने तेवढी रक्कम गरजूंना द्या, असे ते म्हणाले. आम्ही रोज नेणाऱ्या घरांना जाऊन सांगितले आणि दर आठ नगांमागे एक नग विनामूल्य दिला. आठ वेळा ४८ म्हणजे ३८४ होतात, वरचे सोळा ग्रॅम आमच्याकडून. काही जण हसले, काहींनी घेण्यास नकार दिला. एका बाईंनी मात्र घेतला आणि म्हणाल्या, "मला वाटलेच होते, चार मुलांत पुरत नव्हती." हे वाक्य घरात बरेच दिवस कोणी विसरले नाही.

चूक सुधारण्याच्या प्रयत्नात आमच्या हातून दुसरी चूक होता होता राहिली, तीही सांगितली पाहिजे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी सुचवले की नग सात-आठ मिनिटे लवकर काढला तर पाणी कमी उडेल आणि वजन वाढेल. एक दिवस करून पाहिले. वजन वीसेक ग्रॅमने वाढले खरे, पण रोटी आतून चिकट राहिली, सुरीला लागू लागली आणि दुसऱ्या रात्री तिला बुरशी आली. येथे ती प्रसिद्ध हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे सांगितले. पाणी विकून वजन भरण्याचा मोह आमच्या कापडाच्या बाजारातही जुना आहे. कापसाच्या सुतात स्वाभाविक ओल शेकडा साडेआठ धरण्याचा रिवाज आहे, त्याच्या आडोशाने ओले सूत तोलणारे भेटतात. कांजी चढवून विरळ कापड भारी भासवणारेही भेटतात, पहिल्या धुण्यात त्याची कळा उतरते. अर्धकच्च्या रोटीला तर धुण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

एक तिसरा मार्गही होता. नग तोच ठेवून चिठ्ठीवर ३५० ग्रॅम छापणे. हा मार्ग पूर्णपणे प्रामाणिक आहे आणि ज्यांच्या भट्टीत किंवा डब्यात मोठा नग मावत नाही त्यांनी तोच घ्यावा, मात्र भावही त्या प्रमाणात उतरवावा. आमच्या डब्यात ४६० ग्रॅम मावत होते. म्हणून आम्ही नग वाढवला आणि दोन महिने ४० रुपयेच भाव ठेवला. त्यानंतर गिऱ्हाइकांना आधी सांगून ४५ केला. तीन घरे तुटली. बाकीची राहिली. किलोच्या पिठात आता तीन नग (१,३८० ग्रॅम) आणि साठ ग्रॅमचे सहा छोटे पाव (३६० ग्रॅम) होतात, उरलेले दहा ग्रॅम परातीला चिकटतात. छोटे पाव वजनावर नव्हे, नगावर विकतो आणि तसे सांगतो.

नफ्याच्या हिशेबात घरगुती धंदे आणखी काही गोष्टी विसरतात, त्या थोडक्यात. वीज किंवा गॅस वेगळा लिहावा. दोन हजार वॅटची भट्टी पूर्ण तापलेली असताना तासाला दोन युनिटपर्यंत वीज घेते, म्हणून ती अर्धी भरून चालवू नये. पिशवी, चिठ्ठी आणि बिघडलेले नग खर्चात धरावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील स्त्रियांची मजुरी. बहुतेक घरे ती शून्य धरतात आणि मग धंदा फायद्यात आहे असे सांगतात. आमच्या पत्नी व सूनबाई पहाटे चारला उठत. ही मेहनत एखाद्या कारागिराकडून विकत घ्यावी लागली असती तर काय द्यावे लागले असते, ती रक्कम वहीत लिहावी आणि त्यांच्या हातात द्यावी. ती लिहिल्यावरही काही शिल्लक राहत असेल तरच धंदा वाढवावा. आमचा तोपर्यंत राहत नव्हता, छोटे पाव सुरू केल्यावर राहू लागला.

कायद्याच्या बाजूविषयी दोन शब्द. घरातून खाद्यपदार्थ विकण्यासाठीही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक वेष्टनावर द्यावा लागतो. जुन्या वजन-मापांच्या कायद्याची जागा २००९ च्या वैध मापन शास्त्र कायद्याने घेतली आहे. बंद वेष्टनावर लिहिलेले निव्वळ वजन म्हणजे पिशवी वगळून आतील मालाचे वजन. आमच्यासारखे "पीठ तर चारशेच होते" म्हणणाऱ्याला तेथे सवलत नाही. विक्रीसाठी वापरायचा काटा मुद्रांकन केलेला असावा, स्वयंपाकघरातील चार-पाचशे रुपयांचा काटा सामान घेण्यापुरता ठीक आहे. साध्या पावरोटीवर २०१७ पासून जीएसटी नाही, त्यामुळे ती कटकट तूर्त नाही. नोंदणीसाठी कोणा दलालाला भरमसाट रक्कम देण्याची आवश्यकता नाही, शिकलेल्या मुलाने तासभर बसून संगणकावर अर्ज भरला तरी काम होते.

सध्या आमच्याकडे रीत अशी आहे. प्रत्येक खेपेतला एक नग दोन तास थंड झाल्यावर शिक्क्याच्या काट्यावर ठेवतात आणि वहीत तारीख, पिठाचे वजन व रोटीचे वजन असे तीन आकडे लिहितात. सूनबाईंनी उर्दूत लिहिलेली ही वही आता तिसरी आहे. तिच्यातून ऋतूंचा फरकही कळतो. गेल्या एप्रिलमध्ये कोरडी गरम हवा सुटली होती, तेव्हा सलग तीन दिवस आकडा ४०० च्या खाली आला, एकदा तर ३९४. त्या खेपेचे नग त्यांनी चारशेच्या चिठ्ठीने दिले नाहीत, तोलून वजनाप्रमाणे दिले. तेव्हापासून मार्च ते जून नग ४७० ग्रॅमने तोडला जातो.